‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ म्हणजे कोणी, काय, कधीपर्यंत?

चाकणच्या एका कारखान्यातून भोसरीच्या पुरवठादाराला गेलेली ही ईमेल बघा. काल्पनिक आहे, पण नोकरी करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल.

“विषय : मटेरियलबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मागील लॉटमधील काही पार्ट्समध्ये डायमेन्शनचा इश्यू आढळून आला आहे. सदर बाब यापूर्वीही आपल्या निदर्शनास आणून देण्यात आली होती. तरी याबाबत लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, ही नम्र विनंती. कळावे.”

शुद्धलेखन ठीक, सूर नम्र, वाक्यंही फार लांब नाहीत. तरी भोसरीत ही ईमेल वाचणारा माणूस खुर्चीतून उठून नेमकं काय करणार? लॉट कोणता? ‘काही’ म्हणजे चार की चारशे? माप किती भरलं आणि किती हवं होतं? नग परत न्यायचे, तिथेच रिवर्क करायचे की बदलून द्यायचे? तो फोन करील, फोन लागला नाही तर वाट बघील, आणि दोन दिवसांनी चाकणहून ‘जेंटल रिमाइंडर’ येईल. त्यातही यापेक्षा जास्त काही नसेल.

ऑफिसातलं लेखन सुधारायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो सोपे शब्द वापरा, लहान वाक्यं लिहा असा. सल्ला चुकीचा नाही, पण वरच्या ईमेलला तो फारसा लागू पडत नाही. ‘उपरोक्त’ काढून ‘वरील’ घातलं, ‘सदर बाब’ काढून ‘ही गोष्ट’ घातलं, तरी भोसरीकराचे सगळे प्रश्न जागच्या जागी राहतात. अडचण शब्दांच्या आधीची आहे. लिहिणाऱ्याने लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला काय हवंय हे ठरवलेलंच नव्हतं, किंवा ठरवलं होतं पण ते उघडपणे सांगायची त्याची तयारी नव्हती. माझ्या मते कामाच्या ठिकाणच्या धूसर लेखनाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि शब्दकोश बदलून ते जात नाही.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२३ मध्ये सोप्या भाषेचं एक मानक काढलं, क्रमांक २४४९५-१. त्यात मजकूर ज्याच्यासाठी आहे त्या वाचकाकडून कसोटी ठरवली आहे : त्याला हवं ते सहज सापडलं का, सापडलेलं समजलं का, आणि समजलेलं वापरता आलं का. सुंदर लिहिलंय का, हा प्रश्न तिथे येत नाही. तिसरी अट सगळ्यात कडक आहे. आपल्या ईमेलमधलं प्रत्येक वाक्य समजतं, पण वापरता एकही येत नाही.

तीच ईमेल पुन्हा लिहू.

“विषय : लॉट २१७ मधले ४० बुश बदलून हवेत, शुक्रवार १४ नोव्हेंबरपर्यंत.

नमस्कार. ३ नोव्हेंबरला मिळालेल्या लॉट २१७ मधल्या ५०० पैकी ४० बुशचा बाहेरचा व्यास २५.०८ मिमी भरतो आहे. ड्रॉइंगप्रमाणे तो २५.०० ते २५.०५ मिमी हवा. हे ४० नग आम्ही स्वीकारलेले नाहीत, वेगळे काढून ठेवले आहेत. उरलेले ४६० स्वीकारले आहेत. कृपया ४० बदली नग शुक्रवार, १४ नोव्हेंबरला संध्याकाळी ५ पर्यंत आमच्या स्टोअरला पोहोचवा. ते आले नाहीत तर शनिवारी आमची लाइन बंद ठेवावी लागेल. तारीख जमणार नसेल तर मंगळवारी, ११ नोव्हेंबरला दुपारपर्यंत मला फोन करा. मोजमापांची शीट सोबत जोडली आहे.”

ही ईमेल पहिलीपेक्षा मोठी झाली आहे, हे मुद्दाम दाखवतो. ‘थोडक्यात लिहा’ हा आग्रह धरणारे साहेब लोक इथे दचकतात. पण भोसरीचा माणूस ही एकदा वाचेल आणि कामाला लागेल. पहिली तीनदा वाचून फोन फिरवेल. नुसता विषय वाचला तरी काय हवंय ते कळतं. जोडलेली शीट उघडली नाही तरी अडत नाही, कारण ती पुराव्यासाठी आहे. आणि ‘लाइन बंद ठेवावी लागेल’ या एका वाक्यामुळे १४ तारीख का, हे न विचारता समजतं. तारखेमागचं कारण ठाऊक असलेला माणूस ती तारीख जास्त पाळतो, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

‘हे ४० नग आम्ही स्वीकारलेले नाहीत’ या वाक्याला कायद्यातही वजन आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे अडकू नयेत म्हणून २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यात तरतूद आहे : लेखी करार काहीही असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आता हे दिवस मोजायचे कधीपासून? कायदा म्हणतो, माल पोहोचला त्या दिवसापासून. पण खरेदीदाराने माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत स्वीकाराबाबत लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादाराने ती हरकत दूर केली त्या दिवसापासून. म्हणजे उद्या वाद झाला तर दोन्हीकडचे वकील ईमेल काढून बसणार. “काही पार्ट्समध्ये इश्यू आढळून आला आहे” ही हरकत झाली की नुसती माहिती? किती नगांबद्दल? पहिल्या ईमेलवर यावर अर्धा दिवस युक्तिवाद करता येईल. दुसरीवर त्याला फारशी जागा नाही, आणि ४६० नगांचे पैसे कोणत्या दिवसापासून मोजायचे हेही तिच्यात स्पष्ट आहे. पुरवठादाराचंही त्यात भलंच आहे.

कायद्याला संदिग्धता किती नको असते याचं आणखी जुनं उदाहरण म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम २९ सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. सोबत दिलेले दाखले मजेदार आहेत. अ ने ब ला ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल केलं, पण कसलं तेल हे कशावरूनही कळत नाही, करार रद्द. दुसऱ्या दाखल्यात एकाने ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना’ विकायचं कबूल केलं. दोनपैकी किंमत कोणती ते ठरलेलं नाही, तोही करार रद्द. दीडशे वर्षं उलटली, घोडे गेले, पण ‘रेट मागच्यासारखाच, थोडं ॲडजस्ट करू’ असं लिहिलेल्या पर्चेस ऑर्डरी आजही निघतात.

इथवरच्या गोष्टी पैशांच्या. कामाच्या लेखनातली संदिग्धता किती दूर जाऊ शकते, याचं एक उदाहरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

१६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून अवकाशातच होतं, तेव्हा बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसान किती झालं असेल याचा अंदाज बांधून नासाला स्लाइड दाखवल्या. १ फेब्रुवारीला परत येताना यानाचे तुकडे झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. त्यात त्या सादरीकरणातल्या एकाच स्लाइडचं विश्लेषण छापलं आहे. ते केलं होतं येल विद्यापीठातल्या एडवर्ड टफ्टी यांनी.

स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. चाचण्यांच्या आकडेवारीवरून यानावरच्या उष्णतारोधक टाइल भेदल्या जाण्याचा अंदाज सावधपणे, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त धोका धरून, केलेला दिसतो, असा त्याचा मथितार्थ. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे, आणि पातळी उतरेल तसा अक्षरांचा आकार लहान. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द एकाच स्लाइडवर पाच वेळा आला आहे, आणि किती म्हणजे लक्षणीय हे एकदाही सांगितलेलं नाही. सगळ्यात तळाच्या ओळीत एक तुलना होती : फोमच्या त्या भागाचं आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच. एकीकडे साधारण ५० मिलीलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंगइतकं, आणि दुसरीकडे पाण्याचे २० लिटरचे दीड जार. फरक ६४० पट. याचा सरळ अर्थ असा की हातातल्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल भरवशाचं काही सांगता येत नाही. पण हे वाक्य स्लाइडवर नव्हतं. दोन आकडे होते, वजाबाकी-भागाकार वाचणाऱ्याने करायचा होता, आणि तोही शीर्षकाने त्याला निर्धास्त केल्यावर.

एखादा वरिष्ठ व्यवस्थापक ही स्लाइड वाचूनही आपल्यासमोर जिवावरचा प्रसंग आहे हे त्याच्या लक्षात न येणं सहज शक्य आहे, असं चौकशी मंडळाने म्हटलं. अपघाताची कारणं अर्थात अनेक होती. पंखाचे फोटो मिळवण्याच्या विनंत्या तडीस गेल्या नाहीत, नासातली निर्णयाची पद्धतही बिघडलेली होती. सगळं खापर एका स्लाइडवर फोडणं चुकीचं होईल. पण ती स्लाइड करणारे लोक हुशार होते, माहिती त्यांनी लपवलेली नव्हती, सगळं पानावर होतं. तरी ते पोहोचलं नाही. शीर्षकाच्या जागी ‘आदळलेला फोम चाचणीतल्या तुकड्याच्या शेकडो पट मोठा, नुकसानाचा अंदाज करता येत नाही’ एवढं असतं तर बैठकीत निदान पुढचा प्रश्न तरी उठला असता.

आपल्या मासिक रिव्ह्यूच्या स्लाइड याच साच्यात निघतात. वर ‘प्रोजेक्ट स्टेटस अपडेट’, खाली हिरवे ठिपके, आणि सातव्या ओळीत बारीक अक्षरांत ‘व्हेंडरकडून उत्तर प्रलंबित’. ते उत्तर आलं नाही तर प्रकल्प दोन महिने पुढे जाणार असतो, पण हे ज्याला ठाऊक असतं तो खोलीत गप्प बसलेला असतो. मुद्द्यांची यादी करताना ‘म्हणून’, ‘पण’, ‘जर… तर’ हे शब्द गळतात आणि त्यांच्याबरोबर एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंधही गळतो. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं आणि त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण मागितलं. पुढे सहा पानांच्या टिपणाची पद्धत तिथे रूढ झाली; बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात, मग चर्चा. प्रत्येक कंपनीला हे झेपेल असं नाही. पण ज्या ओळीवर पैसा किंवा तारीख अवलंबून आहे ती पूर्ण वाक्यात लिहायची, एवढं कोणालाही जमेल.

आता ‘करण्यात यावी’कडे येऊ. या रचनेत कर्ता नसतो. सरकारी कामकाजात तिला कारण आहे : तिथे व्यक्ती बोलत नाही, पद बोलतं, आज सही करणारा अधिकारी उद्या बदलून जातो आणि फाइल राहते. राज्यकारभार मराठीत आणताना ही शैली घडत गेली. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं, राजभाषा अधिनियम १९६४ चा. इंग्रजी फाइलींमधलं कर्मणी वळण मराठीत आलं आणि पक्कं झालं. खासगी कंपन्यांना, सोसायट्यांना, शाळांना तशी काही गरज नसताना त्यांनीही ते उचललं, कारण ते ‘ऑफिशियल’ वाटतं.

कर्मणी प्रयोग सरसकट वाईट नाही. “रात्री दोन वाजता वीजपुरवठा खंडित करण्यात आला” या वाक्यात कोणी केला हे कळलेलं नसतं किंवा महत्त्वाचं नसतं. पण “चूक निदर्शनास आली असून ती दुरुस्त करण्यात येईल” या वाक्यात कोणाच्या निदर्शनास आली, कोण दुरुस्त करणार, हे दोन्ही बिनधास्त गायब आहे, आणि बऱ्याचदा ते गायब असणं लिहिणाऱ्याला सोयीचं असतं. स्वतःचा मसुदा तपासताना प्रत्येक ‘येईल’, ‘यावी’, ‘व्हावी’पाशी थांबायचं आणि विचारायचं, कोण? उत्तर माहीत असेल तर नाव किंवा पद लिहायचं : “दुरुस्त बिल अकाउंट्स विभाग सोमवारी पाठवील.”

यावर हमखास येणारी हरकत अशी की, एवढं थेट लिहिलं तर साहेबांना उद्धट वाटेल. हरकत खरी आहे. आपल्याकडे वरिष्ठाला तारीख देणं जड जातं. पण आदर संबोधनात आणि क्रियापदाच्या रूपात असतो. तो दाखवायला मागणी पुसट करावी लागत नाही. “सर, कोटेशनला आपली मंजुरी बुधवारी दुपारपर्यंत मिळाली तर जुन्या दरात ऑर्डर देता येईल, गुरुवारपासून दर वाढणार आहेत” यात उद्धट काय आहे? उलट “आपल्या सवडीने पाहावे” असं लिहिणारा सर्वांत जास्त अडचणीत येतो, कारण सर खरंच सवडीने बघतात.

वर्षानुवर्षं साचलेल्या अगम्य भाषेचं काय होतं, याचा एक दाखला न्यायालयातला. एका बँक कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाच्या कारवाईचं प्रकरण हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाला उच्च न्यायालयाचा निकाल समजण्यापलीकडचा वाटला आणि त्यांनी प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी परत पाठवलं. निकाल कसा लिहावा याचं मार्गदर्शनही त्यांनी केलं : परिच्छेदांना क्रमांक द्या, प्रश्न कोणता, नियम कोणता, तो इथे कसा लागू होतो, निष्कर्ष काय, या क्रमाने जा. कंपनीतल्या चौकशी अहवालालाही हा क्रम चपखल बसतो, फक्त निष्कर्ष पहिल्या परिच्छेदातही लिहावा. न्यायालयाला युक्तिवादाने निष्कर्षापर्यंत जावं लागतं. तुमच्या संचालकाला बैठकीला जायचं असतं.

तारखांचा गोंधळ वेगळाच. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘पुढचा शुक्रवार’ कोणाला येता वाटतो, कोणाला त्यानंतरचा. ०५/०६ ही पुण्यात ५ जून आणि अमेरिकेतल्या क्लायंटकडे ६ मे. ‘दोन वर्किंग डे’ लिहिताना भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते हे हिंजवडीतल्या शनिवार-रविवारवाल्यांच्या गावीही नसतं. बुधवारी पाठवलेल्या ईमेलचे दोन दिवस एकाचे शुक्रवारी संपतात, दुसऱ्याचे शनिवारी. वार, तारीख, महिना आणि वेळ, चारही लिहायला पाच सेकंद लागतात. रकमेतही तसंच : परदेशी कार्यालयाला ‘१.२ कोटी’ कळत नाही आणि इथल्या स्टोअरकीपरला ‘१२ मिलियन’ पटकन उमगत नाही, तेव्हा आकडा पूर्ण लिहावा.

व्हॉट्सॲपवर तर सगळं एका अंगठ्यावर चालतं. ग्रुपवर “उद्या ऑडिट आहे, फाइल तयार ठेवा” असा मेसेज पडतो आणि खाली अकरा अंगठे उगवतात. त्या अंगठ्याचा अर्थ वाचलं, मान्य आहे, की मी करतोय? प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी तरी फाइल काढेल. ‘बघतो’, ‘चालेल’, ‘नोटेड’ ही तशीच भावंडं. ‘बघतो’ म्हणणाऱ्याने काही कबूल केलं असं धरून चालणारा माणूस नोकरीत नवा असावा. ग्रुपवर काम सांगायचं तर नाव घेऊन सांगावं आणि कामाची खूण मागावी : “सुनीताताई, जीएसटीची फाइल आज सहापर्यंत माझ्या टेबलवर ठेवा आणि ठेवली की इथे ‘ठेवली’ लिहा.”

मसुदा स्वतःचा स्वतःला नेहमीच स्पष्ट वाटतो, कारण गाळलेलं सगळं आपल्या डोक्यात असतं. महत्त्वाची ईमेल पाठवण्यापूर्वी शेजारच्या टेबलवरच्याला, शक्यतो त्या कामाशी संबंध नसलेल्याला, वाचायला द्यावी. “समजलं का?” असं विचारू नये, त्याला उत्तर “हो” असंच येतं. “ही तुला आली असती तर आता तू काय केलं असतंस?” असं विचारावं. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदलायचं. आणि ‘कोण’ किंवा ‘कधी’च्या जागी लिहिण्यासारखं तुमच्याकडेच काही नसेल, तर लॅपटॉप मिटून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, बदली नग मागायचे की रिवर्क चालेल, हे तिथे ठरल्यावर ईमेल दहा मिनिटांत लिहून होते.